भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी

भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी ऊर्फ बाळासाहेब (२४ ऑक्टोबर १८६८ – १३ एप्रिल १९५१) हे औंध संस्थानाचे अधिपती, चित्रकार, कलासंग्राहक, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे प्रचारक होते. १९०९ ते १९४८ या काळात त्यांनी औंधचा कारभार पाहिला. औंध येथील श्री भवानी चित्रसंग्रहालय ही त्यांची सर्वांत टिकाऊ निर्मिती होय. १९३९ मध्ये त्यांनी आपले राजकीय अधिकार संस्थानातील प्रजेच्या हाती सोपवले. हा प्रयोग इतिहासात 'औंधचा प्रयोग' या नावाने ओळखला जातो. १९३५ साली इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

या लेखातील औंध हे सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील गाव आहे. पुणे शहराच्या वायव्येकडील त्याच नावाच्या उपनगराशी त्याची गल्लत होऊ नये.

घराणे

छत्रपती राजाराम महाराज जिंजीला असताना मराठी राज्यात प्रतिनिधी हे पद निर्माण झाले. प्रल्हाद निराजी हे पहिले प्रतिनिधी होते. पुढे हे पद कोरेगावजवळच्या किन्हई गावचे परशुराम त्रिंबक यांच्याकडे आले आणि त्यांच्या घराण्यात वंशपरंपरेने राहिले. औंधची यमाई हे या घराण्याचे कुलदैवत. पेशवाईच्या अखेरीस प्रतिनिधींचे पूर्वीचे वैभव राहिले नव्हते, आणि १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाल्यावर औंध हे इंग्रजांच्या अधिपत्याखालील एक लहान संस्थान म्हणून उरले. औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ असे त्याचे चार तुकडे होते व ते एकमेकांना लागून नव्हते. औंध आज सातारा जिल्ह्यात, आटपाडी व कुंडल सांगली जिल्ह्यात आणि गुणदाळ कर्नाटकातील विजापूर जिल्ह्यात आहे. सारी मिळून अवघी बहात्तर गावे, आणि त्यांतील बरीचशी दुष्काळी माणदेशाच्या पट्ट्यातली. बाळासाहेबांच्या कलासंग्रहाचा विचार करताना ही पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी लागते. बडोदे किंवा म्हैसूर येथील संग्रहांमागे मोठ्या मुलखाचा वसूल होता. औंधच्या मागे तो नव्हता.

जन्म, शिक्षण व गादी

भवानरावांचे वडील श्रीनिवासराव यांनी औंधची गादी अर्धशतकाहून अधिक काळ सांभाळली. भवानरावांचे शिक्षण औंध, सातारा व पुणे येथे झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले व त्यानंतर काही काळ त्यांनी मुंबईत कायद्याचा अभ्यास केला. संस्थानिकाच्या मुलाने सर्वसामान्य विद्यार्थ्यांबरोबर बसून पदवी मिळवावी, ही गोष्ट त्या काळी विरळा होती. परतल्यावर वडिलांच्या हाताखाली त्यांनी संस्थानाच्या चिटणिसाचे काम केले आणि खेड्यापाड्यांतील कारभाराची माहिती करून घेतली.

१९०१ मध्ये श्रीनिवासरावांचे निधन झाले. गादी भवानरावांकडे लगेच आली नाही. घराण्यातील वडील शाखेत दोन वेळा वारसा गेल्यानंतर इंग्रज सरकारने त्या वेळच्या अधिपतीस दूर केले, आणि ४ नोव्हेंबर १९०९ रोजी भवानराव गादीवर बसले. तेव्हा त्यांचे वय एक्केचाळीस वर्षांचे होते.

उद्योग व विद्या

गादीवर आल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी घडलेली एक गोष्ट महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात नोंदली गेली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या बेळगाव येथील कारखान्याला नगरपालिकेच्या निर्णयामुळे जागा सोडावी लागत होती. लक्ष्मणराव त्या सुमारास औंधला मंडपाच्या बांधकामाच्या कामावर होते. भवानरावांनी त्यांना कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची ओसाड जमीन आणि कर्जाऊ रक्कम देऊ केली. निवडुंग माजलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगराचा प्रसार तेथून झाला, आणि पुढे किर्लोस्कर मासिकही तेथूनच निघू लागले.

पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर १९१८ च्या सुमारास औंधला येऊन राहिले. वेदांच्या अभ्यासासाठी त्यांनी चालवलेले स्वाध्याय मंडळ संस्थान विलीन होईपर्यंत औंधलाच होते. पंडितजी स्वतः मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार असल्यामुळे राजा आणि पंडित यांचा स्नेह केवळ धर्मचर्चेपुरता नव्हता. गायक अंतुबुवा जोशी हे औंधचे दरबारी गवई होते. त्यांनी १९४० मध्ये सुरू केलेला संगीतोत्सव आजही औंधला भरतो.

औंधच्या शाळेची कीर्ती संस्थानाबाहेरही होती. गरीब विद्यार्थ्यांची तेथे सोय होत असे. साने गुरुजी विद्यार्थिदशेत काही काळ औंधला शिकत होते व प्लेगच्या साथीमुळे त्यांना ते गाव सोडावे लागले. ग. दि. माडगूळकरही औंधच्या शाळेत शिकले. व्यंकटेश माडगूळकर आणि शंकरराव खरात हेही औंध संस्थानाच्या मुलखातूनच, आटपाडीच्या परिसरातून पुढे आले. इतक्या लहान व रखरखीत प्रदेशाने मराठी साहित्याला एवढी माणसे द्यावीत, याचे श्रेय एकट्या राजाला देता येणार नाही; तरी गावोगाव शाळा असणे ही त्यामागची एक बाब निश्चितच होती.

चित्रकला

चित्रकला हा भवानरावांचा लहानपणापासूनचा छंद होता, आणि गादीवर आल्यावरही तो सुटला नाही. त्यांची स्वतःची चित्रे बहुतांशी पौराणिक विषयांवर आहेत. राजा रविवर्म्याच्या शैलीचा त्यांच्यावर ठसा होता. १९१६ मध्ये त्यांचे 'चित्ररामायण' प्रसिद्ध झाले. रामकथेतील प्रसंग चित्रांतून क्रमाने दाखवणारा हा ग्रंथ छपाईच्या दृष्टीने त्या काळी उल्लेखनीय ठरला. चित्रकार म्हणून त्यांना पहिल्या पंक्तीत बसवता येणार नाही. त्यांच्या आकृत्यांत नाट्य आहे, परंतु रेषेवरचे प्रभुत्व बेताचेच आहे. मात्र स्वतः हातात कुंचला धरल्यामुळे दुसऱ्याच्या चित्रातील कसब त्यांना कळत असे, आणि संग्राहक म्हणून त्यांना त्याचा फार उपयोग झाला.

१९१८ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढावी, यासाठी भवानरावांनी एक लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली. आवृत्ती सचित्र असावी अशी त्यांची इच्छा होती, आणि तिच्यासाठी त्यांनी स्वतः चित्रे काढली. डॉ. वि. सी. सुकथनकर यांनी १९२५ मध्ये संपादनाची सूत्रे घेतल्यावर कामाला शास्त्रीय शिस्त आली. पाठभेदांची काटेकोर छाननी आणि राजाची रंगीत चित्रे यांचा मेळ अभ्यासकांना काहीसा विचित्र वाटतो. पण पहिले पाऊल त्या देणगीमुळेच पडले, हे सर्वमान्य आहे. एकोणीस खंडांची ही आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. ती पाहण्यास ते हयात नव्हते.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा त्यांना विशेष ध्यास होता. चित्रकारांना बरोबर घेऊन ते अजिंठ्याला गेले व तेथील चित्रांच्या नकला करवून घेतल्या. वेरूळ आणि अजिंठा या दोन्ही ठिकाणांविषयी त्यांनी इंग्रजीत माहितीपुस्तके लिहिली. ती अनुक्रमे १९२९ व १९३२ मध्ये प्रसिद्ध झाली. मूळ चित्रे दिवसेंदिवस झिजत असल्याने अशा नकलांना पुढे स्वतंत्र महत्त्व आले.

श्री भवानी चित्रसंग्रहालय

भवानरावांच्या संग्रहाला राजवाड्यात जागा पुरेना. तेव्हा त्यांनी यमाईच्या डोंगरावर, देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर संग्रहालयाची स्वतंत्र इमारत बांधली. १९३८ मध्ये श्री भवानी चित्रसंग्रहालय व ग्रंथालय सुरू झाले. इमारतीची रचना विचारपूर्वक केलेली आहे. वरच्या बाजूने येणारा दिवसाचा उजेड दालनांत पसरतो, मात्र उन्हाची तिरीप चित्रांवर पडत नाही. विजेचा भरवसा नसलेल्या डोंगराळ गावात ही योजना शोभेसाठी केलेली नव्हती. तिच्यावाचून चित्रे दिसलीच नसती.

जागेची निवड त्याहूनही बोलकी आहे. संग्रहालय म्हणजे शहरातील शिकलेल्या लोकांनी सवडीने जाण्याचे ठिकाण, असा तेव्हा समज होता. मुंबईचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम १९२२ मध्ये लोकांसाठी खुले झाले, नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय म्हणजे सर्वांच्या परिचयाचा 'अजब बंगला' १८६३ पासून होता. पण खेड्यातल्या माणसाला दोन्ही दूरच. औंधला मात्र यमाईच्या दर्शनासाठी डोंगर चढणारा शेतकरी, त्याची बायकामुले यांच्या वाटेतच चित्रे ठेवलेली होती.

वस्तुसंग्रहाचा सर्वसाधारण प्रवास गावाकडून राजधानीकडे होतो. गोंदियाच्या शेजारील बालाघाट जिल्ह्यात गुंगेरिया येथे १८७० मध्ये ताम्रयुगीन हत्यारांचा मोठा साठा सापडला. तांब्याच्या ४२४ आणि चांदीच्या १०२ वस्तू त्यात होत्या. त्यांतील काही नागपूरला गेल्या, काही थेट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचल्या. गुंगेरियाला काही उरले नाही. औंधला नेमके उलटे घडले. लंडन, कांग्रा, कलकत्ता आणि त्रावणकोर येथील कलेने बहात्तर गावांच्या संस्थानाकडे वाट धरली.

संग्रहात राजा रविवर्मा यांची 'सैरंध्री' व 'दमयंती' ही चित्रे आहेत. म. वि. धुरंधर यांच्यासारख्या मुंबईच्या कलाशाळेतील चित्रकारांची कामे आहेत, तसेच बंगाल शैलीतील चित्रे आहेत. मोगल, राजस्थानी व पहाडी लघुचित्रांचा भाग अभ्यासकांना विशेष महत्त्वाचा वाटतो. किरातार्जुनाच्या कथेवरील पहाडी चित्रमाला ही त्यांतील सर्वांत मोलाची. पंडित सातवळेकरांचे चिरंजीव माधवराव यांनी युरोपात कलाशिक्षण घेतले. त्यांची चित्रेही येथे पाहावयास मिळतात. युरोपातील गाजलेल्या चित्रांच्या नकला आणि शिल्पांच्या प्रतिकृती मोठ्या संख्येने आहेत. मूळ कलाकृती परवडणार नाहीत आणि प्रजा काही रोम किंवा पॅरिसला जाणार नाही. म्हणून चांगल्या नकला आणाव्यात, हा सरळ हिशेब त्यामागे दिसतो. आजच्या कलासमीक्षकाला नकलांचे मोल कमी वाटेल. औंधच्या शाळकरी मुलाला मात्र पाश्चात्त्य चित्रकलेची पहिली ओळख त्यांतूनच झाली. चंदन व हस्तिदंतावरील कोरीव काम, धातूच्या वस्तू, जुनी वस्त्रे व हजारो ग्रंथ हा उरलेला संग्रह आहे.

या सगळ्यात इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे माय-लेकराचे लहानसे दगडी शिल्प अनपेक्षितपणे समोर येते. रविवर्म्याच्या संस्कारात वाढलेल्या, पौराणिक चित्रांत रमणाऱ्या राजाच्या संग्रहात आधुनिक शिल्पकलेचा हा नमुना असावा, याचे नवल वाटते. मूर यांचे नाव जगभर होण्याच्या आधीच्या काळातील हे काम असल्याने त्याची निवड धाडसाची म्हणावी लागेल.

सूर्यनमस्कार व कीर्तन

तरुणपणी भवानरावांचे शरीर स्थूल होते. त्यांनी आधी सँडो या युरोपीय मल्लाच्या पद्धतीचा व्यायाम काही वर्षे केला व नंतर सूर्यनमस्कारांकडे वळले. त्यानंतर नमस्कारांचा नेम त्यांनी उतारवयापर्यंत सोडला नाही. संस्थानातील शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले, मराठीत पुस्तक लिहिले, आणि १९३८ मध्ये त्यांच्या पद्धतीवरील इंग्रजी पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झाले. आज योगवर्गांतून शिकवला जाणारा सूर्यनमस्कार रूढ होण्यात औंधच्या प्रचाराचा मोठा वाटा आहे, असे योगाच्या इतिहासाचे अभ्यासक मानतात. त्यांच्या या आग्रहाची त्या काळी थट्टाही पुष्कळ झाली.

कीर्तन हेही त्यांचे आवडीचे माध्यम होते. राजा स्वतः उभा राहून कीर्तन करतो, हे पाहायला खेड्यांतून गर्दी होत असे. चित्ररामायण, डोंगरवाटेवरील संग्रहालय आणि कीर्तन यांकडे एकत्र पाहिले, तर निरक्षर माणसापर्यंत कथा पोहोचवण्याची एकच धडपड त्या तिन्हींत आढळते.

औंधचा प्रयोग

भवानरावांचे चिरंजीव आप्पासाहेब (आप्पा पंत) ऑक्सफर्डला शिकून १९३७ च्या सुमारास परतले. त्यांच्यामुळे मॉरिस फ्रीडमन ऊर्फ भारतानंद हे पोलिश अभियंते औंधला आले. राज्य प्रजेच्या हाती सोपवावे, अशी कल्पना त्यांच्या चर्चेतून पुढे आली, आणि सत्तरीत पोहोचलेल्या राजाने ती मान्य केली. नोव्हेंबर १९३८ मध्ये तशी घोषणा झाली. आप्पासाहेब व भारतानंद सेवाग्रामला जाऊन महात्मा गांधींना भेटले. गांधीजींनी मसुद्यात जातीने लक्ष घातले. मतदाराला लिहिता-वाचता आले पाहिजे, ही अट त्यांच्या आग्रहाने आली. राजाने आपल्या खासगी खर्चाला मर्यादा घालून साधेपणाने राहावे, अशीही त्यांची अपेक्षा होती.

जानेवारी १९३९ मध्ये औंधची राज्यघटना अमलात आली. गावाने पाच जणांची पंचायत निवडावी, पंचायतींच्या प्रमुखांतून तालुक्याची समिती व्हावी आणि तिच्यातून विधिमंडळात सभासद जावेत, अशी ती खालून वर जाणारी रचना होती. गावचे तंटे गावातच मिटवण्याचे अधिकार पंचायतींना मिळाले. साक्षरतेच्या अटीमुळे प्रौढ शिक्षणाला जोर आला. गावोगाव पाटीपेन्सिल घेऊन बसलेली मोठी माणसे दिसू लागली. प्रयोगाला अडचणीही आल्या. पंचायतींत जुने गटतट शिरले, उत्पन्न तुटपुंजे होते, आणि चार ठिकाणी विखुरलेल्या मुलखात देखरेख अवघड होती. तरीही शेजारच्या संस्थानांत प्रजापरिषदा हक्कांसाठी झगडत असताना औंधच्या राजाने आपण होऊन सत्ता सोडली, ही घटना देशात गाजली.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत याच काळात उभी राहिली. कैद्यांनी कुटुंबासह राहून शेती करावी, अशी तिची कल्पना होती. ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेल्या व व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेल्या 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटाची प्रेरणा स्वतंत्रपूरच होय. वसाहत अद्याप चालू आहे.

विलीनीकरण व अखेर

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. नऊ वर्षे चाललेली घटना त्याबरोबर संपुष्टात आली. ज्या प्रजेच्या हाती कारभार दिला होता, तिला आपली रचना टिकवायची आहे काय, हे स्वतंत्रपणे विचारले गेले नाही. पंडित सातवळेकर त्याच वर्षी गुजरातमधील पारडी येथे गेले. राजधानीचे गाव असलेले औंध तालुक्याचेही ठिकाण राहिले नाही. ते खटाव तालुक्यातील एक गाव झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी भवानरावांचे निधन झाले. त्यांचे मराठी आत्मचरित्र प्रसिद्ध आहे.

संग्रहालयाची आजची स्थिती

संस्थान गेल्यानंतर संग्रह कोठे राहणार, हा प्रश्न होताच. अनेक संस्थानिकांचे संग्रह त्या काळात विकले गेले किंवा वाटणीत फुटले. औंधचा संग्रह मोठ्या शहरात न हलवता गावातच राहिला व पुढे राज्य शासनाकडे आला. आता पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय तो सांभाळते. नागपूर, कोल्हापूर, सातारा, पैठण, तेर, सिंदखेडराजा इत्यादी ठिकाणची शासकीय संग्रहालयेही याच संचालनालयाकडे आहेत. कलाकृतींच्या गुणवत्तेचा विचार करता या मालिकेत औंधचे स्थान फार वरचे आहे.

मोठ्या कलासंस्थांनी राजधानीबाहेर शाखा काढाव्यात, हा विचार जगात बऱ्याच उशिरा रुजला. लंडनच्या टेट संग्रहालयाची लिव्हरपूल शाखा १९८८ ची, पॅरिसच्या लूव्रची कोळसाखाणींच्या लाँस शहरातील शाखा २०१२ ची. दिल्लीत १९५४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या शाखा मुंबईत १९९६ मध्ये व बंगळूरला २००९ मध्ये निघाल्या, आणि ही दोन्ही महानगरेच आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमधून फिरते संग्रहालय सुरू केले, ते मात्र गावांच्या दिशेने जाणारे आहे. औंध ही कोणत्याही मोठ्या संस्थेची शाखा नव्हती.

आडगावी असण्याचा तोटाही औंधला सोसावा लागतो. सातारा शहरापासून ते सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे, आणि रेल्वेचे स्थानक गावात नाही. कलेचे अभ्यासक तेथवर क्वचित पोहोचतात. त्यामुळे संग्रहाची कीर्ती त्याच्या योग्यतेच्या मानाने कमीच आहे. यमाईच्या यात्रेच्या दिवसांत भाविक डोंगरावर जाताना आजही संग्रहालयात डोकावतात.

घराण्यातील पुढील पिढी

आप्पा पंत (१९१२–१९९२) हे औंधच्या प्रयोगाच्या काळात संस्थानाचे पंतप्रधान होते. स्वातंत्र्यानंतर ते परराष्ट्र सेवेत गेले. पूर्व आफ्रिकेत नैरोबी येथे ते भारताचे पहिले आयुक्त होते, आणि त्यानंतर अनेक देशांत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. १९५४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वडिलांच्या आणि गांधीजींच्या संबंधांविषयी व औंधच्या घटनेविषयी त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले.